परळचे बाले आणि दादरच्या मुंडावळ्या

ठक्, ठक्, ठक्. पोकळ फळ्यांच्या रंगमंचावर चोपदाराची काठी आपटली की असा आवाज यायचा आणि गिरगावातल्या आमच्या शाळेचं अख्खं सभागृह गप्प व्हायचं. काठी माझी असायची. स्नेहसंमेलनात ओळीने तीन वर्षं मी चोपदार झालो, कारण आवाज मोठा आणि पोटऱ्या बारीक. राजा नेहमी दत्ता परब. हा मूळचा लालबागचा, पण मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकायचा. मी त्याच्या नावामागे पदव्यांची माळ ओवायची आणि त्याने नुसतं येऊन बसायचं. साठ वर्षं होऊन गेली, तरी कुठे 'राजा' हा शब्द पडला की कानात ती काठी वाजते आणि माझी छाती फुगते. हल्ली ती जास्त करून खोकल्याने फुगते, पण फुगते.

म्हणून परळहून माझी पुतणी मंजू फोनवर म्हणाली, "काका, माझ्याकडे नायजेरियाचा राजा उतरलाय," तेव्हा मी बसल्या जागेवरून उभा राहिलो.

मंजू परळच्या हॉस्पिटलांत येणाऱ्या पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना खोल्या भाड्याने देते. "प्रोस्टेटचं ऑपरेशन आहे त्यांचं," ती म्हणाली. "रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद केल्यात, त्यामुळे काही दिवस थांबायचंय. बरोबर मुलगी आहे, ती रिपोर्टांमागे धावते. म्हातारे बिचारे खिडकीत बसून असतात. तुम्ही या, बोलत बसा. नाहीतरी तुमचं ऐकायला तिथे कोण असतं?"

शेवटचं वाक्य ती प्रेमाने बोलली असं मी धरून चाललो.

तर हे प्रवासवर्णन फणसवाडी ते परळ, तिथून दादर, लालबाग आणि परत, एवढंच आहे. ज्यांना लडाख किंवा व्हिएतनाम हवंय त्यांनी इथूनच वळावं. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी पुढे वाचावं.

निघण्याआधी तयारी केली. लोक नकाशे बघतात, मी मोबाइलवर योरुबा राजांच्या पदव्या वाचल्या. नायजेरियाच्या नैऋत्येला योरुबा लोक राहतात. त्यांच्या राजाला 'ओबा' म्हणतात, पण हे झालं सर्वसाधारण नाव. प्रत्येक गादीची पदवी वेगळी. इफेचा तो ओनी, ओयोचा अलाफिन, अबेओकुटाचा अलाके, इबादानचा ओलुबादान. समोर गेलं की 'काबियेसी' म्हणायचं, म्हणजे साधारण, ज्याला जाब विचारता येत नाही असा. मी आरशासमोर उभा राहून या पदव्या खर्जात म्हणून बघितल्या. काय नाद होता त्यांत. शाळेत पाठ केलेल्या कवितांमधले सगळे भूपती, नरेश, छत्रपाल डोळ्यांसमोरून मिरवत गेले. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, "नाना, बरं वाटत नाहीये का?"

पहिला दिवस, परळ. टॅक्सी केली, कारण राजाला भेटायला बसने जाणं बरं दिसेना. टॅक्सीवाल्याला मी कुठे चाललोय ते सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा," आणि रेडिओचा आवाज वाढवला.

मंजूच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी एक उंच, सावकाश हालचाली करणारे गृहस्थ बसले होते. अंगात निळा ढगळ अंगरखा, डोक्यावर एका कानाकडे कललेली कापडी टोपी. मी दारातूनच आवाज लावला, "काबियेसी." मग त्यांच्याकडे राजासमोर पुरुषांनी पालथं पडून साष्टांग घालायचा असतो हे आठवलं, आणि मी गुडघ्यावर बसलो. पुढचं जमेना. मागचंही जमेना. त्यांची मुलगी फोलाके धावत आली आणि तिने मला काखेत हात घालून उठवलं.

"काका, कृपा करून तो शब्द पुन्हा वापरू नका," ती म्हणाली. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचं चांगलं होतं, माझं गोदीतल्या कचेरीचं, म्हणजे प्रत्येक वाक्य 'विथ रेफरन्स टु' ने सुरू होणारं. "माझे बाबा ओबा नाहीत. ते बाले आहेत."

बाले म्हणजे गावाचा प्रमुख. इबादानपासून दोनेक तासांवरच्या एका लहानशा गावाचे. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल.) त्यांच्यावर त्या भागाचा ओबा, मुकुटवाला. बालेला मुकुट नाही. थोडक्यात मी सम्राटाला भेटायला आलो होतो आणि समोर निघाले पाटील.

बाले मात्र खुदकन हसले. "निराशा झाली का तुमची?"

"छे छे," मी म्हणालो, आणि माझा चेहरा दुसरंच सांगत असणार, कारण ते आणखी हसले.

पण तासाभरात गट्टी जमली. मी त्र्याहत्तर, ते नुकतेच पंचाहत्तर, दोघांच्याही बायका गेलेल्या. दोघांनाही रात्री किती वेळा उठावं लागतं या विषयावर आमची जी चर्चा झाली तिला भाषेची अडचण म्हणून आली नाही.

दुसरा दिवस, दादर. मी गिरगावातून भुयारी मेट्रोने गेलो. जायला खूप खोल उतरावं लागतं, पण सरकते जिने आहेत आणि गाडी थंडगार. बाले आणि फोलाके परळहून टॅक्सीने आले. ज्येष्ठ प्रवाशांसाठी सूचना: शिवाजी पार्कला जाण्याआधी हॉटेलात खाऊन घ्यावं, आणि हॉटेल निवडताना चवीआधी तिथलं स्वच्छतागृह बघावं. आम्ही तसंच निवडलं. थालीपीठ, कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वडा मागवला. तिघांचं मिळून पाचशेच्या आत झालं. बालेंनी वडा मोडला, चावला, आणि मुलीकडे वळून काहीतरी म्हणाले.

"बाबा म्हणतात, हा तर आमचा कसावा," फोलाके म्हणाली. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो हे मला पन्नास वर्षं उपास करून माहीत नव्हतं.

तिथेच मी तिच्याकडून पदव्यांचं शिक्षण घेतलं. एका गादीची पदवी दुसऱ्याला लावली तर तो नुसता अपमान नसतो, तो दावा होतो. "आणि मुकुट," ती म्हणाली. "ओबाच्या मुकुटाला पुढे मण्यांच्या सरी असतात. चेहऱ्यावर पडदा होईल अशा. तो पडदा प्रत्येकाला नसतो." मी मान डोलावत होतो. खरं सांगतो, माझं लक्ष इबादानच्या गोष्टीत अडकलं होतं. तिथे राजा वंशाने होत नाही, म्हणे. सरदारांची लांबलचक शिडी असते, वरचा गेला की खालचा एक पायरी चढतो, आणि टिकून राहिला तर म्हातारपणी ओलुबादान होतो.

"म्हणजे सीनियॉरिटी लिस्ट," मी म्हणालो. "आमच्या कचेरीत होती. मी हेडक्लार्कच्या एक पायरी खाली रिटायर झालो."

"वरचा माणूस मेला नाही?" बालेंनी विचारलं.

"अजून आहे. रोज सकाळी चौपाटीवर चालायला येतो."

ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ते मुलांची नेट प्रॅक्टिस बघत राहिले. तेवढ्यात मला दत्ताचा फोन आला. राजेपणातून निवृत्त झालेला हा दत्ता परब आता लालबागच्या एका मंडळाचा सल्लागार आहे, म्हणजे कोणी सल्ला विचारो न विचारो. मी त्याला आदल्या दिवशीच सगळं सांगून बसलो होतो.

"अरे, राजो लालबागेत इलो नाय तर लोक माका काय म्हणतले?" दत्ता म्हणाला. "उद्या सत्कार. शाल, श्रीफळ, फेटो. पंचाहत्तरी झाली ना त्यांची? मग मुंडावळ्यो पण बांधूया."

"दत्ता, तो राजा नाहीये, बाले आहे."

"तू नको शिकव. शाळेत राजा कोण होता?"

ही मुंडावळ्यांची कल्पना मला, काय सांगू, अतिशय सुंदर वाटली. आपल्याकडे नवऱ्यामुलाला बांधतात, तशा साठी-पंचाहत्तरीच्या शांतीत म्हाताऱ्यांनाही बांधतात. मी "जरा येतो" म्हणून निघालो आणि लग्नाचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरलो. नेहमीच्या दोन पदरी मुंडावळ्या पन्नास-साठ रुपयांत मिळतात. मी घेतल्या त्या फेट्याला लावायच्या, भरगच्च मोत्यांच्या, अगदी हनुवटीपर्यंत सरी लोंबणाऱ्या. साडेचारशे रुपये. दुकानदार म्हणाला, "नवरामुलगा कोण?" मी म्हणालो, "आफ्रिकेहून आलाय." त्याने आणखी काही विचारलं नाही.

अर्ध्या तासापूर्वी फोलाकेने मला मण्यांच्या पडद्याबद्दल सांगितलं होतं. माझ्या डोक्यात ते शिरलं होतं आणि मोत्यांची सरही शिरली होती. दोघांची गाठ काही पडली नाही.

तिसरा दिवस, लालबाग. परळहून चालत जाण्याजोगं आहे, पण आम्ही टॅक्सी केली. फोलाके भूलतज्ज्ञांकडे गेली होती, त्यामुळे आम्ही दोघंच. मंडळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत तीसेक खुर्च्या, पंखे, आणि मागे फ्लेक्स. फ्लेक्सवरचा मजकूर माझा. मला एक दोन ओळींचं काव्य हवं होतं, पण 'बाले' हा शब्द बसवता येईना. आमच्या शाळेतल्या कवितांमध्ये 'हे बाले' म्हटलं की कमरेवर घागर घेतलेली मुलगी यायची. म्हणून मी लिहिलं:

'सागर लंघुनि भूपति आला,
लालबाग हा धन्य जाहला.'

आणि खाली ठळक, 'नायजेरिया देशाचे महाराज'.

बालेंना शाल पांघरली. नारळ हातात दिल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "आमच्याकडे पाहुण्याला कोलाचं फळ देतात," ते मला म्हणाले. "तेच हे." मग दत्ताने मागून येऊन त्यांची टोपी उतरवली आणि बांधून तयार असलेला फेटा डोक्यावर चढवला. मोत्यांच्या सरी चेहऱ्यावर उतरल्या. टाळ्या पडल्या. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. माझाही.

बाले एकदम स्थिर झाले. मग त्यांनी हळूच दोन्ही हात वर नेले, सरी बाजूला केल्या, फेटा उतरवून मांडीवर ठेवला आणि आपली टोपी घातली. मला वाटलं उकडत असेल. मी पंखा वाढवायला सांगितलं.

त्यानंतर दत्ताच्या घरी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो. डॉक्टरांनी तिखट वर्ज्य सांगितलेलं म्हणून बालेंसाठी वहिनींनी वेगळी सोलकढी केली होती. ते कमी बोलले. मी जास्त बोललो. दत्ताने फोटो मंडळाच्या पानावर टाकला, माझ्या काव्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोलाकेचा फोन. "काका, तुम्ही माझ्या वडिलांच्या डोक्यावर काय घातलंत?"

मुंबईत शिकणाऱ्या त्यांच्याकडच्या कोणीतरी तो फोटो बघितला आणि रात्रीत तो गावी पोचला. तिथे एकच अर्थ निघाला. बाले ऑपरेशनच्या नावाखाली भारतात गेले, तिथे चोरून मण्यांचा मुकुट करवून घेतला आणि लोकांपुढे राजा म्हणून बसले. फ्लेक्सवरचं 'महाराज' कोणीतरी भाषांतर करून दाखवलंच होतं. ओबांनी चार दिवसांनी सभा बोलावली होती.

मी बसने परळला गेलो. टॅक्सीत बसायची लाज वाटली. फोलाके दारातच भेटली. "पद काढून घेतलं की त्या क्षणापासून त्यांना कोणी बाले म्हणणार नाही," ती म्हणाली. "नुसतं नाव घेतील. पंचाहत्तराव्या वर्षी."

आत बाले खिडकीशीच होते. रागावतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "बसा. तुमच्याकडे ते चांगल्या मनाने बांधतात हे मला कळलं होतं. म्हणून मी ते ओढून काढलं नाही."

"पण तुमचं पद?"

ते म्हणाले, "माझं राज्य केवढं, सांगू? सकाळी उठतो तेव्हा दाराशी चार माणसं असतात. शेळी कोणाची, बांध कोणाचा, सून का रुसली. दुपारपर्यंत निवाडे करतो. ते गेलं तर सकाळी उठून करायचं काय?"

मला याचं उत्तर चांगलं माहीत आहे. मी रिटायर होऊन पंधरा वर्षं तेच करतोय. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

मी दत्ताला बोलावलं. तो आला तोच ताठ्यात. "आमी मान दिलो, तर त्येंका राग कशाक?" मग फोलाकेने त्याला सगळं समजावलं आणि मी ते मालवणीच्या जवळ जाईल अशा भाषेत पुन्हा सांगितलं. दत्ता खुर्चीत खाली खाली गेला. "म्हणजे मी त्या भल्या माणसाचा राज्य घालवलंय," तो म्हणाला. हे वाक्य तो नंतर दिवसभर अधूनमधून म्हणत राहिला.

ओबांपुढे बालेंचं म्हणणं टिकणार नव्हतं, आरोपीचं कोण ऐकतं. ज्यांनी बांधलं त्यांनी सांगायला हवं होतं. आणि नुसतं सांगून काय? मुंडावळी हा मुकुट नाही हे दाखवायला हवं होतं. ती आमच्यात कोणीही बांधतो, राजा असायची गरज नाही, हे. शेवटी मार्ग एकच उरला. मंजूने मोबाइल धरला. साडेचारशेचा तो ऐवज मी माझ्या टकलावर चढवला, दत्ताला मंजूने खालच्या दुकानातून आणलेली पन्नासवाली बांधली, आणि आम्ही दोघं भिंतीशी उभे राहिलो.

मी कॅमेऱ्यात बघून बोललो. पदव्या नाहीत, काव्य नाही. मी रिटायर्ड कारकून आहे, हा रिटायर्ड मेकॅनिक. आमच्यात लग्नात ही प्रत्येक नवऱ्याला बांधतात, आणि म्हातारा जगला म्हणूनही बांधतात. बालेंना ही मी आणली आणि याने बांधली. त्यांनी ती लगेच काढली. फ्लेक्सवर खोटं लिहिलं ते मी. तेवढ्यात एक सर माझ्या तोंडात गेली आणि मला ठसका लागला. दत्ताने मधेच हात जोडून चक्क इंग्रजीत "सॉरी किंग" म्हटलं. पुन्हा घेऊ या का, असं मी विचारलं. "नको," फोलाके म्हणाली. ती पहिल्यांदा हसत होती. "हेच पाठवते. कळेल तेव्हा तुम्हाला फोन करीन."

मंडळाच्या पानावरचा फोटो उतरवून त्या जागी हा व्हिडिओ टाकावा हेही ठरलं. दत्ताने टाकला. पण वर लिहायला मी तिथे नव्हतो, म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही. नुसते मुंडावळ्या बांधलेले आम्ही, आणि माझं इंग्रजी, जे आमच्या नातेवाइकांत कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

त्याच संध्याकाळी ठाण्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा, सुधाचा, फोन. "दादा, त्र्याहत्तराव्या वर्षी केलंस ते केलंस, सांगायचं तरी."

"अगं, लग्न नाही केलं."

"मग मुंडावळ्या कशाला?"

"नायजेरियातल्या एका गृहस्थांचं पद वाचवायला."

"मी पुढच्या शनिवारी येते," ती म्हणाली. "वहिनीला सांगून ठेव."

ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. मी भेटून आलो. बाले टोपी घालून झोपले होते. तेवढी नर्सने सूट दिली होती. गावची सभा झाली होती, पण निकाल कळला नव्हता. फोलाके म्हणाली, ओबांनी व्हिडिओ बघितला आणि काही बोलले नाहीत. एवढंच.

आणि मी फणसवाडीत परतलो. प्रवासाचा खर्च विचाराल तर दोन हजारांच्या आत, त्यात मुंडावळ्याच महाग. काय राहिलं मनात? खरं सांगायचं तर दोन-तीन दिवस मी कुठलीच कविता म्हटली नाही. आयुष्यभर मला वाटत आलं की पदवी म्हणजे आवाज, खर्जात लावायचा आणि श्रोत्यांनी गप्प व्हायचं. खिडकीशी बसलेल्या त्या माणसाची पदवी म्हणजे सकाळी दाराशी आलेली चार माणसं होती, आणि मी ती माझ्या नादात उधळली असण्याची शक्यता होती. फोन मी चार्जिंगला लावूनच ठेवत होतो. न्हाणीघरातही नेला. तो वाजला की विमा विकणारे असायचे.

शनिवारी दुपारी बेल वाजली. सुधा असणार. मी बोलण्याची पूर्ण तयारी करून, बनियनवर सदरा चढवत दार उघडलं.

दारात एक अपरिचित, धिप्पाड, साठीपुढच्या बाई उभ्या होत्या. जरीच्या कापडाचा भला मोठा फेटाच म्हणावा असा डोक्याला बांधलेला, गळ्यात पोवळ्यांच्या माळा, जिन्याने आलेली धाप. त्यांच्या मागे, त्यांचा हात धरून, सुधा. तिच्या पिशवीतून ओटीचा नारळ आणि खण डोकावत होता. तिच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी पूर्वी कधी बघितले नव्हते.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मी आमच्या भागातल्या बायकांची पुढारी," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "इयालोडे म्हणतात मला. कापड खरेदीला मुंबईत येत असते. ओबांनी सांगितलं, जाऊन त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. पत्ता फोलाकेने दिला." मग थोडा श्वास घेतला. "बालेंच्या डोक्यावर ते मोती चढवणारा तूच ना?"

बाले म्हणाल्या त्या. नाव नाही घेतलं.

मी चौकट धरली. तेव्हा मागून सुधा हलकेच म्हणाली, "दादा, आधी आत तरी घे त्यांना. माझ्यासारखेच गुडघे दुखतायत वहिनींचे."